आकाशाचे मालगुजार

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड अशी स्थानके घेत सिंदेवाहीला पोहोचते. त्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या खेड्यात २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, आकाशातून सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे येऊन पडले. पूर्व विदर्भातील असंख्य लोकांनी त्या रात्री आकाशातून सरकत जाणारी ज्वाळांची रांग पाहिली होती. कोणी तिला उल्का म्हटले, कोणी जळते विमान म्हटले. पुढील दिवसांत आसपासच्या परिसरात धातूचे गोळेही सापडले. जाणकारांनी हिशेब मांडला तेव्हा हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या एका चिनी 'लाँग मार्च ३बी' अग्निबाणाचे असावेत, असा निष्कर्ष निघाला. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. कडे पोलीस ठाण्यात जमा झाले, वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली आणि प्रकरण मिटले.

ते कडे एखाद्या झोपलेल्या कुटुंबावर पडले असते तर? याचे उत्तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारात आहे, आणि भारत त्या कराराने बांधलेला आहे. आकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान झाले तर ती वस्तू सोडणारे राष्ट्र संपूर्णपणे जबाबदार असते. चूक कोणाची हे सिद्ध करण्याचीही गरज नसते. १९७८ च्या जानेवारीत सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला 'कॉसमॉस ९५४' हा उपग्रह उत्तर कॅनडात कोसळला, तेव्हा वाटाघाटींनंतर १९८१ मध्ये सोव्हिएत सरकारने तीस लक्ष कॅनेडियन डॉलर मोजले. इथपर्यंत सारे न्यायाला धरून आहे. परंतु १९६७ चा अवकाश करार आणखी एक गोष्ट सांगतो. एखाद्या देशातील खाजगी कंपनीने अवकाशात काही केले तरी त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या देशाच्या सरकारचीच. म्हणजे उद्या एखाद्या भारतीय कंपनीचा अग्निबाण परक्या देशातील शेतकऱ्याच्या शेतात पडला, तर दावा कंपनीवर नव्हे, भारत सरकारवर येईल. ही कल्पनेची भरारी नव्हे. २०२४ साली कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात एका शेतात 'स्पेसएक्स' कंपनीच्या यानाचे तुकडे सापडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या अग्निबाणाची टाकी पोलंडमध्ये पोझनान शहरानजीक येऊन पडली.

तेव्हा मूळ व्यवस्था ध्यानात घ्यावी. उड्डाणाचा नफा भागधारकांचा. पडझडीचे उत्तरदायित्व राष्ट्राचे, म्हणजे जो काडेपेटीवरही कर भरतो त्या माणसाचे. सरकार नियमावली करून कंपनीकडून विमा उतरवून घेऊ शकते, ही गोष्ट खरी. परंतु अवकाश व्यवहारांच्या विधेयकाचा मसुदा २०१७ साली जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला, तो तसाच पडून राहिला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये खाजगी कंपन्यांना सर्व दारे खुली करणारे 'भारतीय अवकाश धोरण' मात्र जाहीर झाले. आधी धोरण, मागाहून कायदा! ज्या देशात बैलगाडीला परवाना लागत असे, त्या देशात ही घाई कोणासाठी होती?

हा विषय आमच्या एका तालुका बैठकीत काढला तेव्हा एका जुन्या साथींनी स्पष्टच विचारले, "धानाचा बोनस, वनहक्काचे दावे, तेंदूपत्त्याची मजुरी हे सारे पडलेले असताना आकाशातल्या भानगडीत आपण कशाला पडायचे? चंद्रावर सरकार गेले काय आणि शेठजी गेला काय, आमच्या बांधीत त्याने काय फरक पडतो?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि बहुसंख्य कार्यकर्त्यांच्या मनातला आहे. म्हणूनच या पानावर त्याचे उत्तर द्यावयाचे आहे. फरक पडतो, आणि तो बांधीतच पडतो.

२०२३ च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजनेत धान आणि गहू या पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज काढताना उपग्रहाधारित पद्धतीला किमान ३० टक्के वजन देण्याची तरतूद झाली. याचा अर्थ असा की, गावात येऊन पीक कापून, मोजून काढलेल्या उत्पन्नाबरोबरच आकाशातून काढलेल्या चित्राचेही मत विचारात घेतले जाणार. पाऊस किती पडला, वारा किती सुटला हे सांगणारी महसूल मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्रे महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पाखाली 'स्कायमेट' या खाजगी कंपनीने उभारली. विमा देणाऱ्यांत खाजगी कंपन्या आहेतच. ऐन दिवाळीच्या सुमारास कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा पावसाने भिजल्या, दाणे तेथेच अंकुरले, असे दुर्दैव आपल्या जिल्ह्याला नवे नाही. त्या वेळी शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले नुकसान आणि यंत्राने नोंदलेले नुकसान यांत तफावत पडली, तर कोणाचे खरे मानावयाचे, हा आपल्या बांधीतला प्रश्न आहे. ते यंत्र कोणाचे, ते चित्र कोणाचे, त्यावरचा हिशेब तपासण्याचा हक्क कोणास, हे प्रश्न त्याच्याच पोटातले होत. आकाश गोंदिया जिल्ह्यात केव्हाच उतरले आहे. आपण वर पाहिले नाही इतकेच.

आता थोडा इतिहास सांगतो. तो आपल्या मातीतला आहे आणि नव्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांना ठाऊक नाही. आपला भाग तलावांचा. नवेगावबांधपासून गावोगावच्या लहान बोड्यांपर्यंत हजारो तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आहेत. ते बांधण्याचे ज्ञान मुख्यतः कोहळी समाजाचे, आणि मातीच्या टोपल्या वाहिल्या त्या गावोगावच्या कष्टकऱ्यांनी. पाळ कोठे घालावी, सलंग कोठून काढावी, तुडूम किती उघडावे, हे त्यांना कोणा इंजिनिअराने शिकविले नव्हते. नागपूरकर भोसल्यांचे राज्य गेले, इंग्रज आले, आणि १८६० च्या दशकातील जमाबंदीत त्यांनी एक कागद केला. त्या कागदाने जे कालपर्यंत सारा गोळा करून सरकारात भरणारे होते, ते गावाचे मालक ठरले. त्यांचेच नाव मालगुजार. त्यांनी नवे तलाव बांधविले हे खरे. काहींनी ते चांगलेही राखले. परंतु ज्याने सारा गोळा करावा तो मालक झाला तो पराक्रमाने नव्हे, कागदाने झाला. गावाकडे उरला तो 'निस्तार', म्हणजे पाणी, सरपण, चराई यांचा वहिवाटीचा हक्क, 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरात नोंदलेला. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला आणि १९५१ मध्ये अमलात आला, तेव्हा कोठे तलाव सरकारच्या ताब्यात आले.

आज अवकाशाच्या क्षेत्रात जे घडते आहे ते नेमके हेच होय. कालचे कंत्राटदार कागदाने मालक होत आहेत.

कोणी म्हणेल, खाजगी कारखाने तर इस्रोबरोबर पहिल्यापासूनच काम करीत आले आहेत. अगदी खरे. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही, उलट आपल्या बाजूने ती मांडली पाहिजे. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांची आवरणे घडली. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात 'विकास' इंजिने तयार झाली. मराठी कामगारांच्या हातांनी घडलेली ही कामे आहेत आणि त्यांचा अभिमान बाळगावा अशीच आहेत. परंतु तेव्हा काय करावयाचे, कशासाठी करावयाचे आणि झालेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, या तिन्ही गोष्टी सार्वजनिक संस्थेच्या हाती होत्या. कारखाना माल देई, दाम घेई. सुताराने देव्हारा घडविला म्हणून देव त्याच्या घरी जात नाही.

आणि काय करावयाचे व कशासाठी, याचे उत्तर त्या संस्थेने आरंभापासून दिले होते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला तेव्हा तेथील कोळ्यांच्या वस्तीने आपली जागा आणि आपले प्रार्थनामंदिर या कामासाठी मोकळे करून दिले होते. विक्रम साराभाईंनी तेव्हाच बजावले होते की, चंद्रावर जाण्याच्या शर्यतीत श्रीमंत राष्ट्रांशी बरोबरी करण्याची हौस आपल्याला नाही. माणसाच्या रोजच्या प्रश्नांना या विज्ञानाचा उपयोग करण्यात मात्र आपण कोणाच्या मागे राहता कामा नये. त्या विचारातून १९७५-७६ साली सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग झाला. उपग्रह अमेरिकेचा, उसना घेतलेला. कार्यक्रम मात्र शेती, आरोग्य, शाळा यांचे. मध्य प्रदेश त्या सहांत होता, महाराष्ट्र नव्हता, तेव्हा आपल्या सीमेपर्यंत येऊन तो थांबला. पुढे आपल्या वसंतराव गोवारीकरांनी घन इंधनाचे तंत्र देशात रुजविले आणि थुंब्याच्या केंद्राचे संचालकपद सांभाळले. १९८८ साली पावसाळ्याचा अंदाज वर्तविणारे सोळा घटकांचे प्रतिमान तयार झाले, त्यामागेही तेच होते. अग्निबाणाचा माणूस मृगाच्या पावसाचा हिशेब मांडतो, हे ज्या संस्थांत घडू शकले त्या संस्था सरकारी होत्या. बाजाराने हे काम कोणाला दिले असते?

आता वर्तमानाकडे वळू. मे २०२० आठवावा. आपल्या देवरीवरून जाणाऱ्या महामार्गावर डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरे घेऊन छत्तीसगडच्या सीमेकडे मजुरांचे तांडे चालले होते. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. त्यानंतर आठच दिवसांनी, १६ मे रोजी, देशाच्या अर्थमंत्र्यांनी 'आत्मनिर्भर' पॅकेजच्या चौथ्या हप्त्यात जाहीर केले की, अवकाश क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले करण्यात येईल आणि त्यांना इस्रोच्या सोयी वापरू दिल्या जातील. संकटाच्या काळात मजुराला काय मिळाले आणि भांडवलाला काय मिळाले, याचा याहून स्वच्छ दाखला शोधूनही सापडणार नाही. जूनमध्ये मंत्रिमंडळाने 'इन-स्पेस' नावाची परवानगी देणारी संस्था मंजूर केली. २०२३ मध्ये धोरण आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये परकी भांडवलाला वाट मिळाली: उपग्रह बनविणे व चालविणे यांत ७४ टक्क्यांपर्यंत आणि अग्निबाणांत ४९ टक्क्यांपर्यंत सरकारला न विचारता, सुट्या भागांत तर शंभर टक्के. ऑक्टोबर २०२४ मध्ये अवकाश क्षेत्रातील नव्या कंपन्यांसाठी एक हजार कोटी रुपयांचा भांडवल निधी मंत्रिमंडळाने मंजूर केला. हा निधी कोणाचा? जनतेचा. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी 'स्कायरूट' कंपनीचा 'विक्रम-एस' उडाला, देशातील पहिला खाजगी अग्निबाण म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तो कोठून उडाला? श्रीहरिकोट्याहून. जागा जनतेची, मंच जनतेचा, अनेक दशकांच्या चुकांतून आलेले शहाणपण जनतेच्या पैशाने मिळविलेले, आणि नावापुढे विशेषण 'खाजगी'.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. ज्या इलॉन मस्क यांच्या 'स्पेसएक्स'चे पोवाडे खाजगीकरणाचे कैवारी गातात, त्या कंपनीला २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या नासाने अवकाश स्थानकावर माल नेण्याच्या बारा फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचे कंत्राट दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचा पहिला लहान अग्निबाण चौथ्या प्रयत्नात कक्षेत पोहोचला होता. सरकारी तिजोरीने हात दिला नसता तर या उद्योगवीराचे काय झाले असते ते सांगावयास नको. कंपनीचे अभियंते हुशार आहेत, वापरलेला अग्निबाण परत उतरविण्याची त्यांची करामत मोठी आहे, आणि तिने उड्डाणाचा खर्च खाली आणला हे नाकारण्यात शहाणपण नाही. परंतु त्या करामतीचा सावकार नासा होता, आणि फळाचा धनी एकटा शेठजी आहे.

१९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून गेले ते दोन राष्ट्रांच्या मैत्रीच्या कार्यक्रमाखाली. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला गेले ते 'अ‍ॅक्सिअम' नावाच्या खाजगी कंपनीच्या मोहिमेत, 'स्पेसएक्स'च्या यानातून. या साऱ्याचा खर्च सुमारे साडेपाचशे कोटी रुपये. त्या तरुण वैमानिकाच्या धैर्याला आमचा नमस्कार आहे. मात्र चाळीस वर्षांत मैत्रीची जागा तिकिटाने घेतली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

कामगारांविषयी या धोरणाच्या कागदांत काय आहे हे शोधावयास गेलो तर हाती फार थोडे लागते. रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनने श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपण मंचासाठी पूर्वी यंत्रसामग्री पुरविली होती. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान चंद्रावर उतरले आणि साऱ्या देशाने पेढे वाटले, त्या वर्षी या कारखान्यातील लोकांचे पगार महिनोन्‌महिने थकलेले होते. आपल्या जवळचे पाहावयाचे तर नागपूर. 'स्कायरूट'च्या 'कलाम-१००' या घन इंधनाच्या इंजिनाची चाचणी मे २०२२ मध्ये नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात झाली. त्या कंपनीत सोलरचे भांडवलही गुंतलेले आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावजवळ सोलरच्याच कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार मरण पावले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. तो स्फोट अग्निबाणाच्या कामात झाला असे मी म्हणत नाही. तो स्फोटकांच्या बांधणीच्या कामात झाला. परंतु अग्निबाणाचे इंधन हेही दारूचेच भावंड आहे, आणि उद्या विदर्भात हा उद्योग वाढणार असेल तर तो भरणारे हात याच खेड्यांतून जाणार आहेत. त्यांचे रोज, त्यांची सुरक्षितता, त्यांची संघटना यांविषयी आजच बोलले पाहिजे.

येथे आपल्याही अंगाशी येणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात स्फोट होऊन आठ जण गेले, आणि तो कारखाना सरकारी मालकीचा आहे. मालकी सरकारची झाली म्हणजे कामगाराचा जीव आपोआप सुरक्षित होतो, असे सांगणारा कार्यकर्ता लोकांची फसवणूक करीत असतो. फरक इतकाच की, सरकारी कारखान्याबद्दल संसदेत प्रश्न विचारता येतो, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो. खाजगी कंपनीच्या फाटकावर हे दोन्ही हक्क संपतात.

मालगुजारीचा सर्वांत जवळचा नमुना मात्र आपल्या शेजारच्या गडचिरोलीच्या नावाने रचला गेला आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने 'स्पेसएक्स'च्या 'स्टारलिंक' सेवेशी इरादापत्र केले. असे करणारे हे देशातील पहिले राज्य, असे अभिमानाने सांगण्यात आले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम यांसारख्या मागास जिल्ह्यांतील शासकीय संस्था, शाळा, आरोग्य केंद्रे यांना उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरवावयाचे, असा त्याचा हेतू. हेतूला विरोध कोण करील? देवरी-सालेकशाच्या डोंगराळ पट्ट्यात ई-पीक पाहणीची नोंद करण्यासाठी शेतकरी हातात मोबाइल घेऊन टेकडी चढतो, हे आपण पाहतो. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून म्हातारी माणसे रांगेतून परत जातात. जोडणी हवी, आणि ती आजच हवी. जो कार्यकर्ता त्यांना सांगेल की परकी कंपनीची जोडणी नाकारा आणि क्रांतीपर्यंत थांबा, त्याला लोक जवळ उभे करणार नाहीत, आणि ते योग्यच होईल.

परंतु ही जोडणी आजवर का झाली नाही, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. ग्रामपंचायतींना तारेने जोडण्याची योजना, जिला पुढे 'भारतनेट' म्हटले गेले, २०११ साली मंजूर झाली. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून खेड्यांसाठी वेगळा काढलेला निधी त्याहून जुना आहे. नक्षलग्रस्त भागांतील पहिल्या टप्प्याचे दोन हजारांवर मनोरे भारत संचार निगमने उभारले, जेथे नफ्याच्या आशेने कोणी जात नव्हते. त्याच निगमला चौथ्या पिढीची सेवा देशभर सुरू करावयास सप्टेंबर २०२५ उजाडला. खाजगी कंपनी २०१६ पासून त्या सेवेची फुकट खिरापत वाटून गिऱ्हाइके बांधीत होती. आधी आपल्या बैलाचे वैरण तोडावयाचे, तो खंगला की बैल निकामी आहे असे म्हणावयाचे, आणि मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने आणावयाचा, अशी ही शेती आहे.

आणि ट्रॅक्टरची किल्ली कोणाकडे? 'स्टारलिंक'चे सात हजारांहून अधिक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत आहेत. ते एका कंपनीचे, आणि ती कंपनी मुख्यतः एका माणसाच्या हुकमतीखाली. युक्रेनच्या युद्धात सेवास्तोपोलपर्यंत सेवा सुरू करण्याची तातडीची विनंती आली होती आणि आपण ती मानली नाही, हे मस्क यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतःच सांगितले. मानली नाही हे बरे की वाईट, यावर आपल्यात मतभेद होऊ शकतात. पण युद्धात कोणाला बोलता यावे हे एका सावकाराने ठरवावे, ही अवस्था कोणत्याही सार्वभौम देशाने निमूटपणे पाहावी अशी नाही. गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रातून बाळंतिणीसाठी जिल्हा रुग्णालयाला लागणारा निरोप त्याच तुडूमातून जाणार असेल, तर तुडूमाच्या किल्लीविषयी इरादापत्रात काय लिहिले आहे, दर काय, मुदत काय, कंपनीने हात काढून घेतला तर पर्यायी व्यवस्था काय, हे विधिमंडळापुढे आले पाहिजे.

चित्रांच्या बाबतीतही हीच कथा. ऑगस्ट २०२५ मध्ये 'पिक्सेल' या कंपनीच्या नेतृत्वाखालील चार कंपन्यांच्या गटाला पृथ्वीचे निरीक्षण करणाऱ्या बारा उपग्रहांचे काम मिळाले. बाराशे कोटींहून अधिक भांडवल ते पाच वर्षांत घालणार आहेत. उपग्रह त्यांचे, चित्रेही त्यांची. आज इस्रोची पाच मीटर वा त्याहून ठोकळ तपशिलाची चित्रे धोरणानुसार विनामूल्य मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु पाच मीटरांत आपल्या जिल्ह्यातील लहान बांधीचे काय दिसणार? बारीक चित्र ज्याच्याजवळ, त्याच्याजवळ बाजाराची नस. त्याची गिऱ्हाइके म्हणजे बँका, विमा कंपन्या, धान्याचे मोठे व्यापारी. यंदा अर्जुनी-मोरगावात धान किती येणार हे पीक उभे असतानाच व्यापाऱ्याला कळेल. ज्याने चिखलात वाकून रोवणी केली त्याला ते बाजारात गेल्यावर कळेल. आपल्याच शेताचे चित्र आपल्याला विकत घ्यावे लागणे, याला दुसरे काय नाव द्यावे?

याहून वरच्या मजल्यावर तर चंद्राचा सातबारा लिहिण्याची तयारी चालू आहे. १९६७ च्या कराराने कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर मालकी सांगता येत नाही. १९७९ च्या करारात चंद्राची संपत्ती मानवजातीचा समाईक वारसा मानली गेली. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली, पण त्याला मान्यता मात्र दिली नाही. अमेरिकेने २०१५ साली स्वतःचा कायदा करून आपल्या नागरिकांना व कंपन्यांना अवकाशातून काढलेल्या खनिजावर मालकी देऊन टाकली. जमीन कोणाची नाही, पण खणून काढलेला माल खणणाऱ्याचा, असा हा न्याय. आणि जून २०२३ मध्ये भारताने अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या 'आर्टेमिस' करारावर सही केली. गावच्या गायरानात प्रथम गुरे कोणाची शिरली याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यावर भाष्य नको.

आता सरकारी संस्थेची बाजू घेताना डोळे मिटू नयेत. इस्रोच्याच 'अँट्रिक्स' या सरकारी कंपनीने २००५ साली 'देवास' या खाजगी कंपनीशी लहरींच्या पट्ट्याचा करार केला, तो २०११ मध्ये रद्द करावा लागला, आणि पुढे आंतरराष्ट्रीय लवादाने ५६ कोटी डॉलरांहून अधिक भरपाई भारताच्या माथी मारली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'देवास'चा व्यवहार फसवणुकीचा ठरवून ती कंपनी मोडीत काढण्याचा आदेश कायम केला. बंद खोलीत झालेला करार सरकारी शिक्क्याचा असला तरी चोरवाटच असतो. मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारचे झाले, पण गाळ कोणी काढला? पाळी फुटल्या, तळ्यांत अतिक्रमणे झाली, कारण गावाच्या हाती काही उरलेच नव्हते. केवळ मालक बदलला म्हणजे तलाव भरत नाही, हे आपण पाऊणशे वर्षे पाहतो आहोत.

गेल्या वर्षी एक गोष्ट मनासारखी घडली, तीही सांगून टाकतो. लहान अग्निबाण बनविण्याचे इस्रोचे तंत्र विकावयास काढले तेव्हा शेवटच्या तिघांत एक गट अदानी समूहाच्या पाठबळाच्या कंपनीचा होता. तिरोड्याच्या वाचकांना या नावाची ओळख करून देण्याची गरज नाही. जून २०२५ मध्ये बोली जिंकली ती हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कारखान्याने, ५११ कोटी रुपयांत. जनतेचे तंत्र जनतेच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. पुढच्या बोलीत असे होईलच, याची हमी कोणी द्यावी?

म्हणून आपल्या मागण्या साध्या ठेवाव्यात. अवकाश व्यवहारांचा कायदा संसदेत चर्चा होऊन व्हावा आणि अपघाताची भरपाई कंपनीच्या तिजोरीतून व्हावी. पीकविम्यासाठी वापरलेले उपग्रहाचे चित्र, हवामान केंद्राची नोंद आणि त्यावरचा हिशेब ग्रामसभेला विनामूल्य आणि मराठीत मिळावा. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र १९८८ पासून काम करीत आहे. आपल्या जिल्ह्यातील तलावांचे, वनहक्क दाव्यांचे, पीकहानीचे नकाशे गावांना देण्याचे काम त्या केंद्राकडे सोपवावे आणि त्यासाठी त्यास माणसे व पैसा द्यावा. 'स्टारलिंक'शी केलेले इरादापत्र आणि पुढे होणारा प्रत्येक करार विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. वाजिब-उल-अर्जात जसा निस्तार नोंदला होता, तसा आकाशातल्या या तलावावरचा गावाचा हक्क लेखी नोंदवून घ्यावयाचा आहे. या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत निदान पीकविम्याच्या चित्रांचा ठराव मांडावा, त्याची प्रत तहसीलदारांकडे द्यावी आणि पोच घ्यावी. ठरावाचा मसुदा पक्षाच्या जिल्हा कार्यालयात तयार आहे.